बहामूतचा लांबचा प्रवास

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली होती. विसर्जनाच्या मिरवणुकीतून लोक घरी येऊन नुकतेच आडवे झाले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, किल्लारीपासून तसे लांब. तरी मांडणीवरची भांडी खणखणली, माळवदाची माती अंगावर गळली आणि सारी गल्ली रस्त्यावर आली. मी नुकताच बी. ए. झालो होतो. भूगर्भातले खडक, त्यांच्यावरचा ताण असे काहीबाही वाचलेले होते, ते मी शेजाऱ्यांना सांगतही होतो. दादी ओट्यावर बसून तसबीचे मणी ओढत होती. ती एवढेच म्हणाली, "बैल सिंग बदल्या, बेटा."

दादीची पृथ्वी एका बैलाच्या शिंगावर तोललेली होती. एक शिंग अवघडले की बैल ती दुसऱ्या शिंगावर घेतो आणि वर आपली घरे हलतात. बैल उभा आहे एका प्रचंड माशाच्या पाठीवर. मासा पाण्यात आहे आणि पाण्याच्या खाली अंधार. लहानपणी मी विचारायचो, "अंधाराच्या खाली काय?" तिचे उत्तर ठरलेले असे, "ते अल्लाला ठाऊक. तू झोप आता." माशाचे नाव काय, हे मात्र मी तिला कधी विचारले नाही. ते मला फार उशिरा, पुस्तकात सापडले. जुन्या अरबी विश्ववर्णनांत त्या माशाला बहामूत म्हणतात.

काही वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत भाचा घरी आला. पुण्यात इंजिनिअरिंगला असतो. टीव्हीला गेमचे यंत्र जोडून बसला होता. मी चहा घेऊन शेजारी टेकलो. पडद्यावर आभाळ फाटले, ढगांतून एक पंखवाला ड्रॅगन उतरला आणि त्याने तोंडातून असा काही जाळ सोडला, की खालची जमीन नाहीशी झाली. भाचा कौतुकाने म्हणाला, "मामू, हा बहामूत. सगळ्यांत ताकदवान."

मी म्हणालो, "अरे, बहामूत तर मासा आहे!"

तो हसला. मामूला वयोमानानुसार काही कळत नाही, असे त्या हसण्यात होते. पण मला ते स्वस्थ बसू देईना. पृथ्वीचा भार पाठीवर घेऊन मुकाट्याने पोहणारा आमचा मासा जपानमध्ये जाऊन पृथ्वी जाळणारा ड्रॅगन कसा झाला? त्याचा माग काढायचा मी प्रयत्न केला. आज आपल्यापुढे ठेवतो आहे तो हा माग.

या खेळमालिकेचे नाव 'फायनल फँटसी'. व्हिडिओ गेम म्हटले की आपल्याला धावाधाव आणि गोळीबार आठवतो. हा प्रकार वेगळा. यात गोष्ट असते. खेळणाऱ्याने चार वीरांची टोळी घेऊन मुलूख धुंडाळायचा, गावोगावी लोकांशी बोलायचे, वाटेत राक्षस, भुते, अजस्र प्राणी भेटतील त्यांच्याशी झुंजायचे आणि प्रत्येक झुंजीनंतर थोडे थोडे बलवान व्हायचे. जपानच्या स्क्वेअर या कंपनीने पहिला खेळ १८ डिसेंबर १९८७ रोजी बाजारात आणला. त्याचे मुख्य कर्ते हिरोनोबु साकागुची, आणि चित्रकार योशिताका आमानो. पुढे एकामागून एक भाग निघत गेले. सोळावा मुख्य भाग जून २०२३ मध्ये आला.

असा खेळ करायचा तर राक्षस हवेत, आणि तेही शेकड्याने. ते आणायचे कुठून? इथे आपल्याला जपान सोडून जरा अमेरिकेत जावे लागेल. तिथे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याला ना वीज लागे, ना पडदा. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेले मित्र, एवढ्यावर तो चाले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचे. राक्षसांसाठी त्यांनी जगभरच्या पुराणकथा आणि अद्भुतकथा धुंडाळल्या आणि १९७७ साली राक्षसांची एक जंत्रीच छापली. प्रत्येक राक्षसाचे नाव, वर्णन, शक्ती किती, घाव किती सोसेल, सारे आकड्यांत. 'फायनल फँटसी'च्या पहिल्या खेळातली लढाईची पद्धत रचणारे आकितोशी कावाझू हे या अमेरिकी खेळाचे चाहते. त्यामुळे त्या जंत्रीतली बरीच मंडळी थेट जपानी खेळात उतरली.

एक गमतीचे उदाहरण देतो. त्या जंत्रीत आपला राक्षसही आहे, 'राक्षस' याच नावाने. पण रावणाच्या दरबारातला नव्हे. चित्रातला राक्षस वाघाच्या तोंडाचा, अंगात साहेबी कोट आणि हातात धूम्रपानाची नळी! हाच राक्षस १९८७ मध्ये जपानी खेळात मार्जारमुखी होऊन आला. आणि १९९० साली तो खेळ इंग्रजीत अमेरिकेला परत गेला, तेव्हा त्याचे नावही गेले. तिथे तो झाला 'मॅनकॅट', म्हणजे माणूस-मांजर. लंकेतून निघालेला राक्षस दोनदा समुद्र ओलांडून मांजर झाला.

आता बहामूतकडे येऊ. याचा प्रवास त्याहून लांबचा. यहुद्यांच्या धर्मग्रंथात, ईयोब नावाच्या दुःखी माणसाच्या प्रकरणात दोन अजस्र प्राणी येतात. जमिनीवरचा बेहेमोथ आणि पाण्यातला लेविएथन. ईश्वराची निर्मिती माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, हे ईयोबाला पटावे म्हणून ते तिथे आहेत. बेहेमोथ हे नाव अरबीत आले ते बहामूत होऊन, आणि वाटेत त्या जमिनीवरच्या जनावराचा मासा झाला. अरबी लेखकांनी त्याला विश्वाच्या तळाशी नेऊन ठेवले. तेराव्या शतकात झकरिया अल-कझविनी नावाचा विद्वान होऊन गेला. त्याचा मृत्यू १२८३ सालचा. सृष्टीतल्या नवलांविषयी त्याने लिहिलेल्या ग्रंथात हा मासा आहे आणि त्याच्या पाठीवर बैलही आहे. त्या ग्रंथाच्या सचित्र नकला शतकानुशतके होत राहिल्या, हिंदुस्थानातही झाल्या. फार्सीत तर 'अज माह ता माही' असा वाक्प्रचारच आहे. चंद्रापासून माशापर्यंत, म्हणजे सारे विश्व. आपण 'आकाशपाताळ' म्हणतो तसे.

एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन या इंग्रजाने 'अरबी रात्रीं'चे भाषांतर केले आणि त्याला भरघोस टिपा जोडल्या. त्या टिपांतून हा मासा इंग्रजीत गेला. पुढे अर्जेंटिनाचा थोर लेखक बोर्हेस याने १९५७ साली काल्पनिक प्राण्यांचा एक कोश काढला. त्यातही बहामूतला जागा मिळाली. हा कोश १९६९ साली इंग्रजीत आला. आणि १९७७ च्या त्या अमेरिकी जंत्रीत बहामूत दिसतो तो ड्रॅगनांचा राजा म्हणून. मासा गेला, बैल गेला, पाठीवरची पृथ्वी गेली. उरले ते नाव आणि मोठेपणा.

इथून तो जपानला गेला. पहिल्या 'फायनल फँटसी'त तो कुणाला जाळत नाही, हे मला विशेष वाटले. तिथे तो गुहेत बसलेला वृद्ध राजा आहे. वीरांना तो धैर्याचा पुरावा मागतो आणि पुरावा म्हणून हवी असते उंदराची शेपटी! ती आणली की प्रसन्न होऊन त्यांना वरच्या दर्जाला चढवतो. आपल्या लोककथांतला साधूच म्हणा ना. १९९० सालच्या तिसऱ्या भागात अशा महाशक्तींना मंत्राने बोलावून आपल्या बाजूने लढवण्याची सोय झाली आणि तिथपासून बहामूतचा जाळ सुरू झाला.

आणखी एक मौज. मालिकेच्या दुसऱ्या भागात, १९८८ मध्ये, बेहेमोथही वेगळ्या वाटेने येऊन दाखल झाला होता. शिंगे, आयाळ, बलदंड शरीर. म्हणजे एकाच घरातले हे दोन भाऊ. हिंदी सिनेमातल्यासारखे जत्रेत हरवलेले, एकाच खेळात भेटतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

मित्रहो, सुरुवातीला हे सारे पाहून मला राग आला होता, हे कबूल करतो. रागाला आणखीही कारणे होती. त्या खेळात इफ्रित आहे. हा आमच्या कुरआनात, 'नमल' म्हणजे मुंग्या या नावाच्या सूऱ्यात येतो. सुलेमान बादशहाच्या दरबारात शेबाच्या राणीचे सिंहासन कोण आणील, असा प्रश्न निघतो, तेव्हा जिन्नांपैकी एक इफ्रित पुढे होतो. बादशहा जागेवरून उठण्याआधी ते आणून देतो म्हणतो, आणि स्वतःच्या बळाची व विश्वासूपणाची ग्वाही देतो. खेळात त्याच्या डोक्यावर शिंगे आली आहेत आणि तो आग ओकतो. त्याच खेळात शिव आहे, म्हणजे 'शिवा', आणि ती बर्फाची, निळसर अंगाची स्त्री आहे! कैलासाचा बर्फ सोडला तर आपल्या महादेवाशी तिचे काही नाते लागत नाही. शेजारच्या कुलकर्णीकाका आणि मी, आम्हा दोघांना एकाच वेळी तक्रार करण्याजोगे असे फार थोडे असते. तो योग या खेळाने आणला.

पण जसजसे शोधत गेलो, तसतसा राग ओसरला. याचे पहिले कारण जपानातच सापडले. नारा शहरात कोफुकुजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तिथे इसवी सन ७३४ च्या सुमाराची एक मूर्ती आहे. तीन मुखे, सहा हात, बारीक अंगकाठी आणि कपाळावर किंचित आठी पडलेला, विचारात बुडालेला कोवळा चेहरा. हा अशुरा. म्हणजे आपला असुर! बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे धर्माचा रक्षक झाला. त्याच मंदिरात गरुडही आहे, पक्ष्याच्या तोंडाचा. २००९ साली ही असुराची मूर्ती टोकियोत प्रदर्शनाला ठेवली, तेव्हा नऊ लाखांहून अधिक लोक ती पाहून गेले. आपण ज्याला देवांचा वैरी ठरवले, त्याच्यापुढे जपानी माणूस हात जोडून उभा राहतो. शिवाचेही तसेच. महाकाल तिथे बाराशे वर्षांपूर्वीच पोचला आणि कालांतराने तांदळाच्या पोत्यांवर बसलेला, हातात हातोडी घेतलेला, हसरा धनदेव झाला.

ही जुनी ओळख खेळात उतरलेली दिसते. १९९१ सालच्या चौथ्या भागात असुरा ही राणी आहे. तिला तीन मुखे आहेत. ती वीरांच्या बाजूने उभी राहते तेव्हा कधी जखमा भरते, कधी पडलेल्याला उठवते, कधी संरक्षण देते. आणि तिचा नवरा कोण? लेविएथन, ईयोबाच्या प्रकरणातला तोच समुद्रातला प्राणी. यहुद्यांचा जलचर आणि आपला असुर यांनी जपानी खेळात संसार थाटला, आणि तो सुखाचा आहे.

इफ्रिताची गोष्टही मी समजलो होतो तितकी वाईट नव्हती. कुरआनात जिन्नांची निर्मिती आगीपासून सांगितली आहे, तेव्हा त्याची आग परकी नाही. आणि 'मंत्राने बोलावले की येणारी शक्ती' ही कल्पना सुलेमानाच्या दरबाराला फार जवळची आहे. तिसऱ्या भागात तर एक दुष्ट जिन्न आहे, तो साऱ्या गावाला शाप देतो आणि राजकन्येच्या बोटातल्या अंगठीने त्याला बंदिस्त करावे लागते. सुलेमानाच्या अंगठीच्या गोष्टी ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकल्या आहेत, त्यांना ही अंगठी ओळखीची वाटेल.

रागाच्या ओसरण्याचे दुसरे कारण आमच्याच घरातले. लहानपणी मला एक कोडे पडे. शेजारच्या काकूंच्या गोष्टीत देव संकटात धावून येई. दादीच्या गोष्टीतला देव शिंगे असलेला, डोंगराएवढा, माणसे खाणारा असे. फार्सी-उर्दू दास्तानांत 'देव' म्हणजे राक्षस. मी एकदा काकूंना निष्पापपणे विचारले होते, "तुमच्या देव्हाऱ्यातला देव माणसं खातो का हो?" त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "हा लाडू खातो." पुढे कळले की शब्द एकच. हिंदुस्थानात तो पूज्य राहिला, इराणात निंद्य ठरला. असुराचे नेमके उलटे. वेदांच्या सर्वांत जुन्या भागात वरुणासारख्या देवतेला असुर म्हटले आहे. इराणात तोच 'अहुर' परमेश्वराच्या नावात जाऊन बसला, आणि आपल्याकडे मात्र राक्षसांच्या पंक्तीत आला.

आणि आपण मराठीत काय केले? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही त्या कामाला हात लागला. त्या गोष्टी घरोघर गेल्या. आणि अल्लाउद्दीनच्या दिव्यातून जो बाहेर येतो, त्याला मराठी पोरे आजही काय म्हणतात? राक्षस! 'दिव्यातला राक्षस'. जिन्नाचा आपण राक्षस केला, अमेरिकेने राक्षसाचा वाघ केला, जपानने असुराची राणी केली. कुणी कुणाला बोलावे?

तरीही एक बोच राहिली. ती रूप बदलल्याची नव्हे. मासा ड्रॅगन झाला तर होवो. दादीचा मासा भार वाहणारा होता, भाच्याचा ड्रॅगन जाळणारा आहे, ही ती बोच. २०१२ साली तर याचा कळस झाला. मालिकेचा चौदावा भाग २०१० मध्ये निघाला होता. जगभरचे लोक एकाच वेळी त्यात खेळतील असा तो बेत होता. तो साफ फसला. तेव्हा कंपनीने नवा सूत्रधार नेमला, नाओकी योशिदा. त्यांनी जुना खेळ बंद करायचे ठरवले, पण नुसती कळ दाबून नव्हे. त्या खेळातल्या आकाशातला एक लालसर चंद्र दिवसेंदिवस जवळ येऊ लागला. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो फुटला. त्याच्या आतून बहामूत बाहेर पडला आणि त्याने ते जग जाळून टाकले. खेळ बंद. 'चंद्रापासून माशापर्यंत' म्हणणाऱ्या फार्सी कवींनी हे पाहिले असते, तर काय म्हणाले असते? तळाचा मासा थेट चंद्रात जाऊन बसला होता, आणि ज्याने पृथ्वी धरायची त्यानेच ती मोडली. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच राखेवर तोच खेळ नव्याने उभा राहिला. त्यातली माणसे मोडलेली गावे पुन्हा बांधत असतात.

हे सारे मी भाच्याला एका संध्याकाळी सांगितले. म्हटले, "बघ, धरणारा कुठे आणि जाळणारा कुठे." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मामू, तुमच्या बैलानं शिंग बदललं तेव्हा किल्लारीला काय झालं?"

मला उत्तर सुचले नाही. त्या पहाटे हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती. आमच्या घरची माती अंगावर गळली, त्यांच्या घरचे सारे माळवदच कोसळले. दादीच्या गोष्टीतला बैल दुष्ट नव्हता, तो फक्त थकत होता. पण मरणाऱ्याला तेवढा फरक कुठे कळतो? कदाचित जपानी माणसालाही भूकंप आपल्याहून जवळचा आहे, आणि धरणारा अन् मोडणारा असे दोन वेगळे प्राणी त्याने मानले नसतील. पोरगे मला न सांगता तेच सांगत होते.

थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "दादीला माशाचं नाव माहीत होतं का?"

मी म्हणालो, "विचारायचं राहिलं." दादीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. कझविनीचा ग्रंथ, लेनच्या टिपा, बोर्हेसचा कोश, सारे आज सापडते. आमच्या ओट्यावरचा तो एक ग्रंथ तेवढा मिटला. अंधाराखाली काय आहे हे मी तिला शंभरदा विचारले, आणि जे तिला बहुधा ठाऊक होते ते एकदाही विचारले नाही.

भाच्याची धाकटी बहीण सात वर्षांची आहे. आता ती गोष्ट मी तिला सांगतो, आणि माशाचे नाव आवर्जून घेतो. भावाचा खेळ तिनेही पाहिलेला. परवा मध्येच म्हणाली, "मामू, बहामूतला पंख असतात." मी म्हटले, असू देत. मग म्हणाली, त्याच्या तोंडातून जाळ येतो. म्हटले, तोही येऊ दे. पण पाठीवर बैल हवा, बैलाच्या शिंगावर पृथ्वी हवी, आणि पृथ्वीवर आपले घर. एवढी एक अट मी घातली. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग तो उडतो तेव्हा बैल पडत नाही?"

मी म्हणालो, "म्हणून तर तो हळू उडतो."